विहीणबाईंचा तिरपा भांग

माझ्या लेकीच्या सासूबाई केस कापतात. म्हणजे दुसऱ्यांचे. खुर्ची, कात्री आणि अखंड बडबड यांवर त्यांनी उभा जन्म काढला. साठीला टेकल्या आणि प्रशिक्षण केंद्रात केशरचना शिकवायची जागा निघाली. बाईंच्या अंगात वारंच शिरलं! अडचण एकच. बारावी हवी, आणि यांचं बारावीचं गणित तरुणपणापासून राहिलेलं. मी आयुष्यभर गणित शिकवलेली, तेव्हा आल्या माझ्याकडे.

मुलीच्या आईने वरमाईला ओरडायचं, ही संधी कुणाला मिळते? मी ती सोडली नाही.

पहिल्याच दिवशी दोनाच्या घातांचा आलेख दिला. क्ष एक तर य दोन, क्ष दोन तर य चार. वक्र उजवीकडे चढायला हवा. यांचा डावीकडे चढला. दुसऱ्या दिवशीही तेच.

“अहो विहीणबाई, उजवं-डावं कळतं का?”

“न कळायला काय झालं? समोर बसलेल्या बाईचा उजवा कान माझ्या डाव्या हाताला येतो. तुमचा आलेखही समोरच बसलाय.”

मी कपाळाला हात लावला. मग म्हटलं, खोडायचं कशाला? त्याच कागदावर लाल पेनाने बरोबर आलेख काढला. “आता सांगा, या दोघांच्या मध्ये आरसा कुठे उभा करायचा?”

त्यांनी डोळे बारीक केले आणि उभ्या अक्षावरून बोट फिरवलं. “हा काय, मधला भांग!”

तिथून गाडी सुटली. आडव्या अक्षाचं प्रतिबिंबही जमलं. अडली ती त्याच कागदावर घातांच्या वक्राशेजारी लॉगचा वक्र काढला तेव्हा.

“या दोघी जुळ्या नाहीत हो, प्राध्यापकबाई. चुलत बहिणी असतील.”

“भांग तिरपा पाडून बघा की!”

त्यांनी कागद कोपऱ्यातून कोपऱ्यात दुमडला आणि खिडकीच्या काचेवर धरला. उजेडात एक वक्र दुसऱ्यावर नेमका बसला. बाई अशा किंचाळल्या, की शेजारीण घाबरून दार वाजवायला आली. तिलाही कागद दाखवला.

तोंडी परीक्षेला मी बाहेरच्या बाकावर बसले होते. बाई नापास झाल्या तर जागा गेली, आणि माझी अब्रूही. आतून परीक्षकांनी नेमकी तीच जोडी विचारली.

“तिरपी रेघ,” बाईंचा आवाज खणखणीत. “जिथे क्ष आणि य सारखे, ती.”

“कशावरून?”

“इकडे एक-दोन, तिकडे दोन-एक. दोघांनी खुर्च्या बदलल्यात, साहेब. आणि तुमचे केस मागून वाढलेत.”

आत हशा पिकला. मी बाहेर देवाचं नाव घेतलं, जे मी सहसा घेत नाही.

उत्तीर्ण झाल्या! नोकरीही लागली. पहिल्या वर्गाला नमुना म्हणून खुर्चीत कोण, तर मी. ओलं डोकं, गळ्याभोवती फडकं, समोर हसू दाबणाऱ्या पोरी.

“बघा गं,” बाई म्हणाल्या, “हे डोकं फार चालतं. पण केस मात्र अगदीच साधे आहेत.”