मेंढराच्या नाकापुढं

“ए पोरा, मागं सरक! अजून मागं!”

बाळापूरच्या मैदानाच्या बांधावरून आमच्या पिचरचा बाप ओरडत होता. आवाज असा, की रस्त्यावरची एसटी थांबली. ड्रायव्हरला वाटलं, आपल्यालाच मागं घ्यायला सांगून राहिले. पण ती आरोळी माझ्यासाठी होती. मी कॅचर, पिचरनं फेकलेला चेंडू झेलणारा.

नव्वदीतली गोष्ट. सरांनी शाळेत बेसबॉल आणला तेव्हा गावाला वाटलं, क्रिकेटची बॅट कुणीतरी तासून तासून मुसळ केली. माझा हा दोस्त मात्र जन्माचाच पिचर. घरी मेंढरं. मेंढपाळांच्यात धोंडा मेंढराला मारायचा नसतो. चुकार मेंढराच्या नाकापुढं वीतभर पाडायचा, की ते गुमान वळतं. लागला तर बाप भाकर देत नसे. या गड्यानं आमच्या साखरा गावातून धोंडा भिरकावला, की पार पल्याडच्या नरसी गावातलं मेंढरू वळायचं. माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय, अन् माझे डोळे खोटं बोलत नाहीत. बोललंच तर तोंड बोलतं.

घोळ एवढाच, की चेंडूही तो तसाच टाकी, माझ्या ग्लोव्हच्या वीतभर अलीकडं. “ग्लोव्हात मार की लेका!” म्हणून सरांचा घसा बसला. त्याचा हात ऐकेना. समोरचा जोरात बॅट फिरवी, तोवर चेंडू पाताळात गेलेला. असे तीन हुकले, की गडी बाद. असेच जिंकत आम्ही विभागाच्या निवडीचा सामना गाठला. बापाची अट होती: जिंकलास तर खेळ, हरलास तर उद्यापासून मेंढरांमागं.

आम्ही एका धावेनं पुढं. शेवटचा एक गडी बाद करायचा राहिलेला. अन् नेमकी तेव्हाच समोरच्या पोरांना गोम कळली. बॅट खांद्यावर टाकून नुस्ते उभे. गुडघ्याखालून गेलेला चेंडू वाया. चार वाया गेले, की गडी फुकटात पुढच्या बेसवर. तिन्ही बेस भरले. आता अजून एक फुकट गेला की बरोबरी, अन् त्याच्या पुढचा गेला की हार. दोस्ताचं तोंड कापसासारखं पांढरं पडलं. तेवढ्यात बांधावरून ती आरोळी आली.

मी बसल्या बसल्या बेडकासारखा मागं सरकलो. त्यानं फेकला. चेंडू परत माझ्या नाकापुढं वीतभरच पडला, पण पडायच्या आधी समोरच्याच्या मांडीजवळून गेला. “स्ट्राइक!” पंच ओरडला. गुडघ्याच्या वरून गेलेला चेंडू नुस्ता सोडला, तरी हुकल्यातच जमा. दुसराही तसाच. तिसऱ्याला ते पोरगं बॅट खांद्यावर घेऊन जे खांबासारखं उभं राहिलं, ते अजून उभं असेल. चेंडू दिसतच नव्हता, वारा तेवढा वळताना दिसला.

पुढं दोस्त राज्याकडून खेळला, देशाच्या संघाच्या उंबऱ्यावरून परत फिरला, अन् दोन हजार सालानंतर तांड्यावरच्या पोरींना शिकवू लागला. पहिला धडा: डबा ठेवायचा, दगड त्याच्यापुढं वीतभर पाडायचा. डब्याला लागला तर मैदानाला फेरी. एकदा बघायला गेलो, तर एका काडीसारख्या पोरीनं असा चेंडू टाकला, की मी नकळत चपला काढून उभा राहिलो.

बांधावर त्याचा बाप, आमचे काका, बसलेले, आता पार म्हातारे. इतक्या वर्षांचं मनातलं विचारलं, “काका, पोरगं हरलं असतं तर तुमाला राखणीला मिळालं असतं. मग त्या दिशी काहून वरडलात?”

काकांनी पोरींवरची नजर हलवली नाही.

“नेम बराबर व्हता,” ते म्हणाले. “तू चुकीच्या जागी बसला व्हतास.”