पायडलावरची हनुवटी

दिनांक नऊ ऑगस्ट. इमारतीच्या सभेत बहुमताने ठराव झाला, की तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी बाळ आल्यानंतर त्या घराविरुद्ध आवाजाची पहिली तक्रार येताच त्यांच्या कुत्र्याने इमारत सोडावी. हात वर करणाऱ्यांपैकी एकानेही त्या कुत्र्याचे तोंड धड पाहिलेले नव्हते. हे येथे नोंदवणे भाग आहे, कारण सभेच्या इतिवृत्तात त्याला जागा मिळाली नाही.

कुत्र्याचे नाव ठिगळ. अंग पांढरे, डाव्या डोळ्याभोवती काळा डाग, जणू बाईंनीच घाईघाईत लावून दिलेला. मशीनखालच्या कातरणांच्या ढिगावर तो लहानाचा मोठा झाला. मशीन खडखडत असली की त्याला झोप लागे, थांबली की जाग येई.

ठराव झाला तेव्हा सुनेचे दिवस भरत आले होते.

"आई, हा भुंकला तर?"

"शिकवू की त्याला."

"ह्याला? ह्याला अजून स्वतःची शेपटी ओळखता येत नाही!"

"तुझ्या नवऱ्याला बटण लावायला शिकवलं मी. त्या मानानं हा हुशार आहे."

सुनेने मैत्रिणीच्या तान्ह्याचे रडणे फोनवर भरून आणले. ते लावले की ठिगळ उसळून भुंके. मग बाईंनी रीत बसवली: रडणे सुरू झाले की पाय थांबवायचे, ठिगळकडे वळायचे, आणि तो गप्प राहिला तर त्याला बिस्किटाचा तुकडा द्यायचा. हयातभराच्या खडखडाटाने बाईंचे कान मंदावले होते. मशीन चालू असताना त्यांना फोन ऐकूच येत नसे. सून हाताने खूण करी, तेव्हा त्यांचे पाय थांबत. भुंकणे बंद झाले. सगळ्यांना वाटले, धडा पुरा झाला. ठिगळच्या डोक्यात मात्र भलतेच बसले होते: रडणे आले की मशीन थांबली पाहिजे.

नात घरी आली. सून दारातच खाली बसली आणि तिने ठिगळला बाळाची पावले हुंगू दिली. त्याने एकदाच हुंगले, मग मागे सरकून जमिनीला पोट टेकले.

"बघ," बाई म्हणाल्या, "पाहुण्यांनासुद्धा एवढी अदब नसते."

पुढे एका दुपारी सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. "मी आहे ना," असे म्हणून बाईंनी पडद्यांची लांब शिवण धरली. आतल्या खोलीत बाळ रडू लागले. बाईंना ते कळले नाही. ठिगळ उठला, आतल्या दारापर्यंत गेला, परत आला, बाईंकडे पाहत राहिला.

"थांब रे, एवढी शिवण होऊ दे."

भुंकायची त्याला बंदी होती. त्याने दोन्ही पंजे बाईंच्या पावलांवर रोवले आणि पायडलावर हनुवटी टेकून सगळा भार टाकला. पाय अडले. सुई कापडातच थांबली. त्या शांततेत बाईंना रडणे ऐकू आले, दबलेले, घुसमटलेले. दुपटे सरकून बाळाच्या तोंडावर आले होते.

दुपटे दूर होताच बाळाने असा टाहो फोडला, की सून जिन्यावरून धावत आली. बाळाला छातीशी धरून बाई फरशीवर बसल्या होत्या.

"आई, काय झालं?"

"ह्यानं मशीन थांबवली गं. मला हाक मारली ह्यानं. न भुंकता."

सुनेने बिस्किटाचा तुकडा पुढे केला. ठिगळने तो हुंगलाही नाही. बाळाचे रडणे विरेपर्यंत तो बाळाकडे तोंड करून बसून राहिला. त्या दोघी त्याच्याकडे पाहत राहिल्या. अनोळखी, फार मोठ्या कोणाकडे पाहावे तशा. इतकी वर्षे पायाशी झोपणाऱ्या जिवात हे कुठे होते, याचे उत्तर बाईंना आजही सापडलेले नाही.

इमारतीच्या चिटणीसांना मात्र ठिगळचे काय करायचे याचे उत्तर लगेच सापडले. संध्याकाळी ते वर आले. खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती, दुपारच्या रडण्याची.

"अहो, ते बाळ रडत होतं," बाई म्हणाल्या.

"ठरावात आवाज म्हटलंय, कुणाचा ते नाही. कुत्रा भुंकला का, हा प्रश्नच येत नाही."

सभा येत्या रविवारी आहे. सभासदहो, त्याआधी तिसऱ्या मजल्यावर जा, ठिगळला डोळे भरून पाहा, आणि मागच्या वेळी वर केलेला हात या वेळी तो ठराव रद्द करण्यासाठी वर करा.