उजवीकडची वाटी

रविवारी संध्याकाळी सुमननं सायकल धरली आणि मी पान्यानं पायडलच्या धुऱ्याची उजवीकडची वाटी आवळली. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम तेच. मी म्हटलं, "नीट धर." ती म्हणे, "तवाच माह्यं आयकलं असतं तर हे कामच नसतं लागलं जी." मी पाना पुसून ठेवला. सोमवारी दुपारी गॅसपाशी बसली ती उठलीच नाही... आज महिना झाला. लोक रडले. मी नुसता बसून होतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. मेहकरात जन्मभर सायकली दुरुस्त केल्या. सुमन एका डॉक्टरांकडे स्वयंपाकाला जायची. ते गाव सोडून लेकाकडे निघाले तेव्हा माळ्यावरचा सायकलीचा सांगाडा त्यांनी तिला देऊन टाकला. तरुणपणी इटलीहून आणलेला, जोडायचा राहूनच गेलेला. तो डोक्यावर घेऊन ही भर बाजारातून चालत आली. मी म्हटलं, "हे भंगार काऊन आणलं वो?" ती म्हणे, "उचलून तर पाहा." उचलला. पोलादाचा असून एवढा हलका! सांधे कोणीतरी हातानं कानस मारून गुळगुळीत केलेले. माझ्या हातून तसं काम झालं नसतं.

दोन वर्षं सामान जमवलं. चाकं अकोल्याहून आणली, ब्रेक पुण्याहून मागवले. हँडलची पट्टी तिनं गुंडाळली, माझ्यापेक्षा सफाईनं. चूक केली ती मी. पायडलचा धुरा दोन वाट्यांत फिरतो; आपल्या सायकलीला उजवी वाटी उलटी फिरवून बसवतात. मी तशीच फिरवली. धरेना. ती म्हणे, "परमुलखातली हाय ना, सुलटी फिरवून पाहा." "तुले काय समजते?" म्हणून मी आणखी जोर लावला. आटे झिजले. ती पाणी आणायला आत गेली तेव्हा गुपचूप सुलटी फिरवली... बसली. पण झिजले ते झिजलेच. सुलतानपूरपर्यंत जाऊन आलं की वाटी सैल. म्हणून दर रविवारी तिनं धरायचं, मी आवळायचं. तुझं बरोबर होतं, एवढंच म्हणायचं होतं. सात वर्षं म्हटलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी सायकल भिंतीला टेकवली, पाना लावला, जोर दिला. वाटी तसूभर हलली नाही. तिनं नीट धरली होती.