डावीकडचा तानपुरा

आमच्या ह्यांच्या हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरला काचेचे दोन व्हॉल्व्ह आहेत, जुन्या रेडिओत असायचे तसे. एक डाव्या बाजूचा, एक उजव्या. रविवारी दुपारी ते व्हॉल्व्ह बदलून बदलून आवाज ताडून बघत होते. निवेपर्यंत थांबायचं, रुमालात धरून अलगद उपसायचा, दुसरा बसवायचा आणि पुन्हा तोच यमन लावायचा.

"डावीकडचा तानपुरा दबलेलाच आहे गं."

"मग दोघांच्या जागा बदला. व्हॉल्व्हचा दोष असेल तर तोही उजवीकडे जाईल," मी म्हटलं. मला एकदाचा निकाल लागलेला बरा वाटतो.

जागा बदलल्या. आवाज डावीकडेच दबलेला. मग त्यांनी हेडफोनच उलटा घातला. तरीही डावीकडेच.

"तू ऐक बरं. तुझे कान तिखट. गच्चीवरून कुकरच्या शिट्ट्या मोजतेस."

मी ऐकलं. तानपुरा दोन्ही कानांत सारखा भरून येत होता. समोर व्हॉल्व्हच्या तारा मंद नारिंगी उजळल्या होत्या. जे बदलता येतं ते माणूस आधी बदलून बघतो. अक्षरं पुसट दिसायला लागली तेव्हाही आम्ही चष्म्याआधी खोलीतला दिवा बदलला होता.

ते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी हेडफोन काढला, खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला नेली आणि बसल्यावर नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "दोन्हीकडे सारखंच येतंय हो."