मिलिंग मशीनपुढचा ओला दुपट्टा

मे महिन्यात अकोल्यात दुपट्ट्याशिवाय बाहेर पडणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर वेडा. आम्ही दुपट्टा नळाखाली धरतो, पिळतो, डोक्याला नि मानेला गुंडाळतो आणि त्याची टोकं वाऱ्यावर सोडून मोटारसायकलवर असे निघतो, जणू स्वारीलाच निघालो. रस्त्यावर हे शोभून दिसतं. पण माझ्या वर्कशॉपमध्ये, फिरत्या मिलिंग कटरपुढे, माझे सासरे तसाच दुपट्टा गळ्यात घालून उभे राहिले, ती दुपार मी अजून विसरलेलो नाही.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. परतवाड्याला त्यांनी जन्मभर लेथ मशीन चालवली आणि अचलपूरच्या पंचक्रोशीत त्यांच्या हाताचं नाव होतं. लेकीकडे पाहुणचाराला आले होते. माझा मिलिंगवाला कारागीर मेहुणीच्या लग्नाला अमरावतीला पळालेला, आणि टेबलावर एका दालमिलचा शाफ्ट बांधून ठेवलेला. त्यात चावी, म्हणजे चाक शाफ्टवर घट्ट धरणारी लोखंडी पट्टी, बसवायची खाच पाडायची होती. मी बाह्या सरसावल्या, तोच मामाजींनी मला बाजूला केलं. मांडवातला आचारी हौशी पाहुण्याला करतो तसं.

"हटा जी जवाईबापू. तुमच्या हातानं शाफ्टची भाजी होईन."

आता लेथवर काम, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरतं आणि हत्यार जागेवर असतं. मिलिंगवर उलटा कारभार. तिथे हत्यारच फिरतं, सगळ्या काठाला दात असलेली पोलादी तबकडी. तिला लोखंड, कापड आणि बोट यांतला फरक कळत नाही. एखादा धागा दातात आला की ती सोडत नाही, गुंडाळतच जाते, आणि धाग्यामागे जे काही बांधलेलं असेल ते ओढून घेते. कामावर येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे डोळे वटारून, हातवारे करून सांगतो. हातमोजे नाहीत, गळ्यात काही नाही, लोखंडाचा कीस झाडायचा तो ब्रशने आणि तोही मशीन थांबल्यावर. एकाला तर ऐकूनच घेरी आली होती.

पण मामाजींना कसं सांगू? तो दुपट्टा साधा नव्हता. आदल्याच दिवशी घरी चार माणसांसमोर मीच त्यांना टोपी-दुपट्टा देऊन त्यांचा मान केला होता. दिलेला मान दुसऱ्या दिवशी "उतरवा जी" म्हणायचा? वऱ्हाडातल्या जावयाला पोळीवर तुपाची धार मागता येते, रुसता येतं, पण हे नाही.

म्हणून मी कारस्थानं सुरू केली. कूलरच्या वाऱ्याने दुपट्ट्याचं एक टोक कटरकडे झेपावत होतं, म्हणून कूलरचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"कूलर काहून फिरवला? मले भल्ली गर्मी होऊन राहिली," मामाजी म्हणाले. त्यांनी तो परत वळवला आणि नळावर जाऊन दुपट्टा पुन्हा भिजवून आणला.

मी दाराआड जाऊन बायकोला फोन लावला.

"तू सांग त्यांना. तुझे बाबा आहेत."

"मशीन तुमची हाये नं? तुमी सांगा."

"रुसतील."

"रुसू द्या. रुसलेला बाप चालते मले," ती म्हणाली आणि फोन बंद.

परत येऊन पाहतो तर मामाजींनी कटरपुढचं पारदर्शक झाकण काढून ठेवलेलं! "त्याच्यातून काई दिसत नाई बाप्पा." आता कटर फिरता आणि उघडा, दुपट्टा ओला, कूलर जोरात. मी मशीनच्या बाजूला जाऊन ती बंद करायच्या लाल बटणावर तळवा ठेवला आणि पुतळ्यासारखा उभा राहिलो. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी पुसला नाही.

"पहारा देऊन राहिले का माह्या कामावर?" मामाजींचा आवाज चढला.

"नाही जी. शिकतो आहे."

"शिका, शिका." आणि मला नीट दिसावं म्हणून, खाच बोटाने दाखवायला, ते पुढे वाकले.

मी टोक उडताना पाहिलं आणि बटण दाबलं. मोटर बंद झाली, पण कटर काही चाकर नाही हुकमासरशी थांबायला. उरलेल्या वेगात तो थोडा फिरला, तेवढ्यात त्याने कोपरा धरला आणि मामाजींची मान खाली ओढली गेली. मग सगळं थांबलं. त्यांचं नाक आणि कटरचे दात यांच्यामध्ये माझा पंजा जेमतेम मावला असता. कूलर तेवढा घरघरत होता.

मी मेन स्विच पाडला आणि कात्री आणली. घाईत दुपट्टा कापायचा सोडून मी आधी हवाच कापली.

"सुटलं का जी?" वाकलेल्या मामाजींनी विचारलं. इतका बारीक आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

दुपट्टा सुटला, आणि त्यानंतर, अगदी खणखणीत, माझं वाक्य बाहेर पडलं. "मामाजी, मशीनपुढे दुपट्टा घालू नका!"

ते मान चोळत सरळ झाले. "आता बोलता? मगापासून काय मौनव्रत धरलं होतं?"

"तुमचा मान..."

"मान तुटली असती तं मान कुठी ठेवला असता?"

त्यांनी फाटका दुपट्टा स्वतःच घडी करून खिडकीत ठेवला, झाकण जागेवर बसवलं आणि मला मशीनपुढे ढकललं. "चालवा तुमी. बटनापाशी मी राहतो."

पुढचं काम मी केलं, म्हणजे करू पाहिलं. मामाजी लाल बटणावर पंजा ठेवून उभे. माझी कॉलर हलली, मशीन बंद. मी माशी हाकलली, मशीन बंद. शर्टाची बाही कोपराच्या खाली सरकली, पुन्हा बंद. शाफ्ट त्या दिवशी काही पुरा झाला नाही. दर वेळी मशीन थांबली की मी मुकाट्याने कॉलर आत खोचायचो, बाही वर करायचो आणि ते मान डोलावतील तोवर थांबायचो.