तेलातली चमक

लग्न होऊन मी मलकापुरात आले तेव्हा आमच्या घरात फोडणीच्या आधी जळक्या ऑइलचा वास यायचा. घराला लागून टिनाचं शेड होतं, तेच माझ्या नवऱ्याचं गॅरेज. नवं राज्य झाल्यानंतरची ती वर्षं. गावात मोटारी मोजक्याच, आणि त्यांचं इंजिन पुरतं खोलून पुन्हा बांधायचं तर लोक यांच्याकडेच यायचे.

इंजिन बांधून झालं की ते गाडी नांदुऱ्यापर्यंत सावकाश नेऊन आणायचे. ऑइल गरम असतानाच खाली परातीत काढायचं आणि जुन्या धोतराच्या धुवट फडक्यातून गाळायचं. मग फडकं उन्हात धरून पाहायचं. नवे भाग एकमेकांवर घासून थोडी राखाडी भुकटी पडतेच, तिचं त्यांना काही वाटत नसे. पण चकचकीत कण दिसले तर आत बेअरिंग खाल्लं जातंय, असं ते सांगायचे. तशी गाडी मालकाच्या हाती द्यायची नाही. फडकं मी द्यायचे, पाहायचे ते.

त्या हिवाळ्यात आमच्या डॉक्टरांची गाडी आली होती. खेड्यांत पेशंट बघायला फिरून फिरून तिचं इंजिन पार दमलं होतं. ह्या कामाला यांना फार वेळ लागत होता. पाना हातातून पडला की ते खाली न बघता जमीन चाचपायचे. मला वाटलं, थकलेत.

अखेर गाडी नांदुऱ्याला जाऊन आली. ऑइल गाळलं. यांनी फडकं अंगणात उन्हात धरलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब केलं.

"साफ हाय," ते म्हणाले. "उद्या देऊन टाकू गाडी."

मी परात उचलायला शेजारीच उभी होते. फडक्यावर जरीचा चुरा सांडावा तशी चमक पसरली होती.

"अहो, हे काय चमकून राह्यलं?"

"कोठी?"

"हे काय, इथं. आन् इथंबी."

ते हसले. मी थट्टा करतेय असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी माझ्या बोटाजवळ आपलं बोट आणलं, फडक्यावर टेकवलं, अंगठ्याशी चोळलं. हसणं तिथेच थांबलं. बोटांना कळलं होतं.

"लई हाय काय वं?"

"हाव. साऱ्या फडक्यावर हाय."

ते ओट्यावर बसले. फडक्याची घडी करून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "शेडचा दरवाजा लावून घे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन खालून उघडलं आणि मला गाडीखाली बोलावलं. नेसूचं लुगडं आवरून मी त्यांच्या शेजारी पाठीवर पडले. आतल्या प्रत्येक दांड्याला त्याचं त्याचं झाकण असतं, अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर ठिपके ठोकलेले असतात. ते एकेक झाकण माझ्यापुढे धरायचे आणि मी ठिपके मोजून सांगायचे. दोन ठिपक्यांचं झाकण तीनच्या जागी बसलं होतं आणि तीनचं दोनच्या, म्हणून बेअरिंग खाल्लं जात होतं.

"कधीपासून दिसत नाई तुमाले?" मी विचारलं.

"कडेचं तं पोळ्यापासूनच नाई. मले वाटलं, शेडात अंधार हाय."

"मले काऊन नाई सांगितलं?"

त्यांनी पाना मागायला हात पुढे केला. नवी बेअरिंगं बसवली, गाडी पुन्हा फिरवून आणली, ती मात्र ओळखीच्या ड्रायव्हरकडून. ह्या वेळी फडकं सरळ माझ्या हातात दिलं.

"काय दिसते?"

"काही नाई. नुसती भुकटी."

"नीट पाह्य."

मी पुन्हा पाहिलं. फडकं खरंच साफ होतं.

गाडी न्यायला डॉक्टर आले तेव्हा यांनी काही लपवलं नाही. डॉक्टरांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं, डोळ्यांवर बॅटरी मारली आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तिथे कळलं, काचबिंदू आहे. आहे तेवढं औषधाने काही दिवस टिकेल, गेलेलं परत यायचं नाही. परतीच्या गाडीत यांनी मला खिडकीत बसवलं आणि स्वतः आतल्या बाजूला बसले. एरवी खिडकी ते कधी सोडत नसत.

औषधाने टिकलं ते फार नाही. खामगावचा एक मिस्त्री हत्यारं विकत घेऊन गेला. यांनी प्रत्येक पाना हाताने ओळखून त्याच्याकडे दिला. शेड आम्ही सरकीच्या पोत्यांसाठी एका व्यापाऱ्याला भाड्याने दिलं आणि मी जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाऊ लागले. सुरुवातीला लोक यांना इंजिनाचा आवाज ऐकवायला न्यायचे. हळूहळू तेही थांबलं. नवे मिस्त्री आले, त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती.

फडक्याचा विषय आमच्यात फक्त एकदाच निघाला. मी भाकरी वाढत होते. ते म्हणाले, "तू तवा बोलली नसती, तं आनखी एखादं इंजिन बांधलं असतं म्या."

मी म्हटलं, "आन् ते घाटात जाम होऊन बसलं असतं तं?"

"हाव," ते म्हणाले. "तेबी हायच."

मग त्यांनी ताटात भाकरी चाचपली आणि खाली मान घालून जेवू लागले. त्या बोलण्यात राग होता की नव्हता, ते मला तेव्हा कळलं नाही. ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अजून कळलेलं नाही.