एकीला लागली, दुसरीला नाही

“डॉक्टर, तुमचं मशीन एकदा तपासून घ्या,” मेट्रन फोनवर म्हणाल्या. त्यांच्या हातात आमच्याच हॉस्पिटलातल्या रेहाना सिस्टरचा रिपोर्ट होता. हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ. तिची लस रेहानाने दोनदा पूर्ण घेतली होती, तरी अँटिबॉडी जवळजवळ शून्य. रत्नागिरीत मी पॅथॉलॉजिस्ट आहे; मशीनवरचे आरोप अंगवळणी पडलेत.

पण रेहानाची डायलिसिसला नेमणूक ठरली होती. तिथे रोजची गाठ रक्ताशी. मेट्रन ती रद्द करायच्या बेतात होत्या.

मशीन ठीक निघालं. मग संशय फ्रिजवर गेला. पण त्याच फ्रिजमधली लस रेहानाची धाकटी बहीण सबिहा हिनेही घेतली होती. तीही आमच्याकडेच नर्स. तिच्या अँटिबॉडी भरपूर.

आता एक वाईट शक्यता उरली. कावीळ आधीच अंगात मुरलेली असेल, तर लस घेऊनही अँटिबॉडी दिसत नाहीत. हे सांगितल्यावर रेहानाने रक्त द्यायला बाही वर केली. रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा माझाच जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी दाभोळहून दोघी बहिणींची आई आली. पोरीचं रक्त कमजोर आहे, असं तिने ऐकलेलं. मी समजावलं, की लस म्हणजे शरीराला दाखवलेला चोराचा फोटो. आपल्या पेशी तो चिमट्यात धरून शरीरातल्या पहारेकऱ्यांना दाखवतात. चिमटा कसा, ते आईबापांकडून कोणती जनुकं आली यावर ठरतं; सख्ख्या बहिणींतही ती वेगळी असू शकतात. रेहानाच्या चिमट्यात हा फोटो नीट बसत नाही, बाकीचे बसतात.

“म्हणजे माझ्याकडनं आलं की ह्यांच्या अब्बांकडनं?”

“थोडं तुमच्याकडनं, थोडं त्यांच्याकडनं.”

“मग बरं,” म्हणत ती निवांत बसली. सबिहा तोंड फिरवून हसत होती.

मेट्रनना मी सांगितलं, की रेहानापासून कुणाला धोका नाही. जपायचं ते तिलाच. सुई टोचली तर तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन लगेच द्यायचं. त्यांनी तिला डायलिसिसला घेतलं. पुढे तज्ज्ञांच्या सल्ल्याने तीच लस स्नायूऐवजी त्वचेत, थोडी थोडी दिली. या वेळी रेहाना काठावर पास झाली.

तेव्हापासून नवीन नर्सना मी एकच सांगतो: लस घेतली म्हणजे लागलीच असं नाही. महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून घ्या. आणि त्यानंतर मशीनला नावं ठेवा.